ईसीएच ८१ची उसनवारी

जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्याला कसबाची उणीव सहसा भासत नाही. भासते ती सुट्या भागांची. घड्याळजी असो, शिवणयंत्रवाला असो की पेटीचे सूर लावणारा असो, सर्वांचे रडगाणे एकच. हात आहेत, नजर आहे, पण जो भाग बसवायचा तो बाजारात नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. त्याचे भाग झिजत नाहीत की मोडत नाहीत. ते मुकाट्याने वाळतात. लाकडी पेटी झळझळीत, काचेवरची शहरांची नावे स्वच्छ, बटणे जागच्या जागी, आणि आत मात्र कागद, मेण, डांबर आणि क्षार यांनी साठ वर्षांत आपापला करार मोडलेला असतो.

आमच्या काचीगुड्याच्या घरातला संच १९५७ सालचा, फिलिप्सचा. तो घरात आला त्यामागे निमित्त होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण इथे राहिलेली मंडळी आंध्र प्रदेशात. नांदेड-परभणीचे आमचे नातलग एका रात्रीत परराज्यातले झाले. वडिलांनी इथेच राहायचे ठरवले आणि पुढच्याच वर्षी हा रेडिओ घेतला. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. त्याआधी आमच्याकडे रेडिओ नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ची निजामाची युद्धबंदीची घोषणा डेक्कन रेडिओवरून झाली ती घरच्यांनी शेजारच्या ओसरीवर उभे राहून ऐकली होती, एवढे मात्र वडील आवर्जून सांगत.

या संचावर पुणे दिवसा लागत नसे. माझी आत्या म्हणे, ‘‘दिवे लागल्यावर पुणं येतं.’’ लहानपणी मला वाटे, पुण्याचे लोक उशिरा उठत असावेत. खरे कारण असे की, मध्यमलहरींना दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच्याही वरच्या थरावरून लहरी परावर्तित होऊन पाचशे-सातशे किलोमीटरवर उतरतात. तेव्हा आत्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. लघुलहरींवर लंडनही लागे. बीबीसीची मराठी सेवा १९४२ ते १९५८ अशी चालली. तिच्या अखेरच्या वर्षाला आमचा संच हजर होता.

२०१९ साली वाडा बिल्डरकडे द्यायचे ठरले. आत्या तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. नव्या फ्लॅटमध्ये जागा बेताची, म्हणून पुढच्या पिढीने एक नियम केला: चालणाऱ्या वस्तू तेवढ्या न्यायच्या, बाकी भंगारात. नियम वाजवी होता. आत्याने त्याला विरोध केला नाही. तिने मला बोलावून घेतले आणि म्हणाली, ‘‘मग चालता कर त्याला.’’ रेडिओ पस्तीस वर्षे मुका होता. हातात नऊ आठवडे होते.

मी दूरध्वनी खात्यातला माणूस, डाख देण्यात हयात गेलेली. त्यामुळे पहिली गोष्ट केली ती म्हणजे पिन सॉकेटमध्ये घातली नाही. इतक्या वर्षांनी संच एकदम चालू करून ‘बघू तरी’ म्हणणे हा जुन्या रेडिओंच्या मृत्यूचा सर्वांत मोठा मार्ग आहे. शेवटच्या व्हॉल्व्हच्या आधी एक छोटा कंडेन्सर असतो. त्याचे काम आवाजाची लहर पुढे जाऊ देणे आणि मागच्या टप्प्यावरचा उच्च दाब अडवणे. तो कागदी कंडेन्सर जुना झाला की गळू लागतो. दाब पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर उतरतो. व्हॉल्व्हमधून बेसुमार प्रवाह वाहू लागतो. आणि त्या प्रवाहाने स्पीकरच्या आधीचा ट्रान्सफॉर्मर जळतो. पाच रुपयांच्या भागापायी असा भाग जातो, जो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. म्हणून प्रथम वायरीबरोबर ओळीने साठ वॅटचा साधा तारेचा दिवा जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा झगझगून पेटतो आणि संच वाचतो. गंमत अशी की, हा तारेचा दिवा शोधायलाच मला ट्रूप बाजारात चार दुकाने पालथी घालावी लागली. सर्वत्र एलईडी. पाचव्या दुकानदाराने मागच्या फळीवरून एक काढून दिला आणि काय करणार म्हणून संशयाने विचारले.

कंडेन्सरांची खरेदी मात्र अपेक्षेपेक्षा सोपी गेली. कोठीच्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक भागांची जी दुकाने टिकून आहेत, तिथे मी कागद पुढे केला: ०.०५ मायक्रोफॅरड, सहा नग. ५० मायक्रोफॅरड, दोन नग. दुकानातल्या तरुणाने मान हलवली. पन्नास नाही, सत्तेचाळीस आहे. शून्य पाच नाही, शून्य चार सात आहे. माझ्याबरोबर आलेल्या पुतण्याला ही फसवणूक वाटली. ती नव्हती. जुन्या काळी कारखानदार सरळ संख्या वापरत: ५, २५, ५०. पुढे १९५०च्या दशकात जगभर प्रमाणित संख्यांची माळ रूढ झाली: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे सव्वापट. भाग दहा टक्के इकडे-तिकडे असणारच हे गृहीत धरून ही माळ ओवली आहे. ३९च्या मालाची वरची हद्द आणि ४७च्या मालाची खालची हद्द एकमेकींना टेकतात, मध्ये रिकामी जागा राहत नाही. म्हणून ४७ हे ५०चेच आजचे नाव. फक्त एक पथ्य पाळायचे. ‘जास्त तेवढे चांगले’ म्हणून शंभर घालू नये, कारण आमच्या संचातल्या ईझेड ८० या रेक्टिफायर व्हॉल्व्हला पन्नासाहून मोठा कंडेन्सर सोसत नाही. चालू होताना तो एवढा प्रवाह ओढतो की व्हॉल्व्हचा जीव जातो.

मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. साडेचारशे व्होल्टचे कंडेन्सर २०१९ साली मिळतातच कसे? व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले तेव्हा घराघरांतला दाब नऊ-बारा व्होल्टवर उतरला होता. उत्तर त्याच दुकानाच्या दुसऱ्या टोकाला होते. टीव्ही, एलईडी दिवे, इन्व्हर्टर या सर्वांच्या आत घरची वीज थेट एकदिश करून घेतात, आणि त्यासाठी चारशे-साडेचारशे व्होल्ट सोसणारा कंडेन्सर लागतो. फेकून दिलेला सीएफएल दिवा फोडला तरी त्याच्या बुडात एक छोटासा चारशे व्होल्टचा मिळतो. मी आत्याच्या स्वयंपाकघरातल्या दोन मेलेल्या दिव्यांतून असे दोन काढून प्रयोगाला वापरले. म्हणजे जुन्या रेडिओला जगवतात ती त्याला हुसकावून लावणारी नवी यंत्रेच. तेव्हापासून प्रत्येक भागाबद्दल मी एक प्रश्न विचारू लागलो: हा आज आणखी कोणाला लागतो? ज्याला लागतो तो मिळतो. ज्याला रेडिओखेरीज कोणी विचारत नाही, तो संपला.

डांबर माखलेले जुने कंडेन्सर मी एकेक करून काढले आणि नवे बसवले. त्यांची कवचे पोकळ करून आत नवा भाग दडवणारे शौकीन आहेत. पाहणाऱ्याला आतूनही संच जुना दिसतो. मला तो खटाटोप पटत नाही. दुरुस्ती केली आहे हे दिसले तर बिघडले कुठे?

मग व्हॉल्व्ह. सहापैकी चार ठणठणीत निघाले. एक आंधळा होता, एक मेलेला.

या व्हॉल्व्हांच्या नावांकडे आपण कधी लक्ष देत नाही, पण ती पाणिनीला आवडावीत अशी आहेत. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर तंतू तापवायचा दाब किंवा प्रवाह सांगते; ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढची अक्षरे आत काय आहे ते सांगतात. ‘सी’ म्हणजे तीन विद्युदग्रांचा ट्रायोड, ‘एफ’ म्हणजे पाचांचा पेंटोड, ‘एल’ म्हणजे स्पीकर हलवू शकणारा ताकदवान पेंटोड, ‘एच’ म्हणजे सहा-सात विद्युदग्रांचा मिश्रक, ‘झेड’ म्हणजे दोन्ही अंगांनी वीज एकदिश करणारा, ‘एम’ म्हणजे सूर जुळल्याची खूण दाखवणारा हिरवा डोळा. आकड्यातला आठ हा नऊ पिनांच्या बुडाची खूण. तेव्हा ‘ईसीएच ८१’ हे नुसते नाव नव्हे, तो समास आहे, आणि त्याचा विग्रह करता आला की पर्याय शोधता येतो. अमेरिकन मंडळी त्यालाच ‘६एजे८’ म्हणतात आणि रशियन ‘६आय१पी’. ‘ईएल ८४’ म्हणजे त्यांचा ‘६बीक्यू५’. बाजारात निम्मे लोक एका भाषेत मागतात आणि निम्मे दुसऱ्या भाषेत विकतात. माल असूनही ‘नाही’ हे उत्तर मिळते ते बहुधा त्यामुळे.

आमचा मेलेला व्हॉल्व्ह नेमका ईसीएच ८१ होता. त्याचा तंतूच तुटला होता, म्हणजे काही उपाय नाही. ईएल ८४ गेला असता तर मला चिंता नव्हती. तो आजही रशियात, स्लोव्हाकियात, चीनमध्ये नवा तयार होतो, कारण बीटल्स ज्या व्हॉक्स ॲम्प्लिफायरवर वाजवीत त्यात तो होता, आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांना त्याच्याशिवाय तो आवाज मिळत नाही. लिव्हरपूलच्या चार पोरांमुळे काचीगुड्याच्या रेडिओचा एक व्हॉल्व्ह अमर झाला. पण ईसीएच ८१चे काम आकाशातून आलेली लहर संचातल्या लहरीत मिसळून ती ठरावीक वारंवारतेवर आणणे. हे काम गिटारला लागत नाही. म्हणून तो आता कुठेही बनत नाही. जुन्या साठ्यात जो उरला असेल तोच.

आपल्याकडे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स साठच्या दशकापासून हे व्हॉल्व्ह बनवत असे. दुकानोदुकानी त्यांच्या खोक्यांच्या चळती असत. मी गुजराती गल्लीपासून बँक स्ट्रीटपर्यंत आणि तिथून छत्ता बाजारापर्यंत विचारत गेलो. छत्ता बाजारच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने नाव ऐकताच डोळे मिटले आणि म्हणाला, ‘‘परसों तक था साब. बोरी भर के था. भंगारवाले कू तोल के दे दिया.’’ हैदराबादचा ‘परसों’ किती लांबचा असतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मी विचारले, परसों म्हणजे कधी? बोटे मोजून तो म्हणाला, धाकट्या मुलीच्या शादीच्या वर्षी. ती मुलगी आता दोन मुलांची आई होती.

ज्या शहरात १९६७पासून ईसीआयएल उभी आहे, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा आहेत, आणि ज्याच्या पश्चिमेला संगणकाचे अख्खे नगर वसले, त्या शहरात एक काचेची नळी मिळू नये याचे मला वैषम्य वाटले. विचार केल्यावर ते गेले. इलेक्ट्रॉनिक्सचे शहर म्हणजे सर्वांत वेगाने टाकून देणारे शहर.

मुलीने संगणकावरून युक्रेनमधल्या एका विक्रेत्याकडे दोन व्हॉल्व्ह मागवले: ईसीएच ८१चा सोव्हिएत भाऊ, आणि हिरव्या डोळ्याचा, म्हणजे ईएम ८०चा, सोव्हिएत भाऊ ‘६ई१पी’. एकेकाळी सोव्हिएत रेडिओत आणि टेपरेकॉर्डरमध्ये असे डोळे असत. साडेचार आठवड्यांनी पुडके आले. डोळा उत्तम होता. जोडला तर असा लखलखीत पानासारखा हिरवा उजळला की आत्या म्हणाली, ‘‘हौ, हाच. इतका हिरवा होता हे विसरलेच होते मी.’’ दुसऱ्या व्हॉल्व्हच्या काचेच्या टाळूवर आतून जो चंदेरी मुलामा असतो, तो मात्र दुधासारखा पांढरा पडला होता. त्या मुलाम्याचे काम नळीत उरलीसुरली हवा गिळण्याचे. तो पांढरा दिसला की समजावे, प्रवासात काचेला केसाएवढी चीर पडून हवा आत शिरली. लावून पाहण्यातही अर्थ नव्हता. पुन्हा मागवावा तर वाडा सोडायला सतरा दिवस राहिले होते.

राहिला जुमेरात बाजार. दर गुरुवारी पुराणापुलाकडे भरणाऱ्या त्या भंगारबाजारात हैदराबादच्या चारशे वर्षांचा गाळ वर येतो असे म्हणतात. दुसऱ्या गुरुवारी, पितळी नळ आणि शिवणयंत्रांच्या ढिगाशेजारी, मला एक रेडिओ दिसला. आमच्याच घराण्यातला, एखाद्या वर्षाने धाकटा. पेटीची एक बाजू वाळवीने खाल्लेली. मागचा पुठ्ठा बाजूला करून पाहिले तर आत सहाही व्हॉल्व्ह जागेवर, आणि ईसीएच ८१ भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. विक्रेता आठशे म्हणाला, साडेपाचशेला ठरला. पुठ्ठ्याच्या आत खिळ्याला अडकवलेले एक बाड होते. ते टपाल खात्याचे परवाना पुस्तक निघाले. रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरून शिक्का मारून आणावा लागे, हे चाळिशीच्या आतल्या वाचकांना खोटे वाटेल. ती पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली. पुस्तकावर नाव होते, आणि सुलतान बाजारचा पत्ता. नाव आपल्यापैकीच एका घराचे.

ते नाव मी इथे लिहीत नाही. पण रिक्षातून घरी येताना मांडीवरचा तो संच एकाएकी जड वाटू लागला. भंगारातला एक अनोळखी रेडिओ उघडून त्यातला व्हॉल्व्ह काढणे निराळे, आणि ज्या घरी आपण हळदीकुंकवाचे निरोप पोचवले असतील त्या घरचा रेडिओ निकामी करणे निराळे. तांत्रिकदृष्ट्या काही फरक नाही. मी टेबलावर दोन्ही संच शेजारी शेजारी ठेवले आणि आधी धाकट्याची तपासणी केली. मीटरने अर्ध्या तासात निदान सांगितले: तो छोटा कंडेन्सर गळका, ईएल ८४चा आतला भाग करपलेला आणि आवाजाच्या ट्रान्सफॉर्मरचे पहिले वेटोळे तुटलेले. कोणीतरी, कधीतरी, वर्षानुवर्षे बंद असलेला हा संच ‘बघू तरी’ म्हणून थेट लावला होता. म्हणजे मी व्हॉल्व्ह काढला काय, न काढला काय, तो बोलणार नव्हता.

तरीही आत्याला विचारल्यावाचून हात लावणे बरे वाटेना. तिने भिंग लावून परवाना वाचला. शिक्के मोजले, अठरा होते. ते घर तिला ठाऊक होते. त्या घरची एक मुलगी तिची विद्यार्थिनी, आता पुण्याला मुलाकडे. मी त्यांचा दूरध्वनी मिळवला आणि विचारले. त्या म्हणाल्या, रेडिओ आठवतो, पण आता तो आमचा कसला, तुम्हीच ठेवा. मला वाटले प्रश्न मिटला. आत्याच्या दृष्टीने तो मिटला नव्हता. ती म्हणाली, ‘‘त्यांनी ठेव म्हटलं म्हणून फुकट होत नाही. व्हॉल्व्ह उसना घे. त्यांचाही चालता करून द्यायचा, मग फिटलं.’’ शेजारून वाटीभर साखर आणावी त्या सुरात तिने हे सांगितले. मी हो म्हणालो. त्या होकाराची किंमत किती वर्षे आहे याची कल्पना दोघांनाही नव्हती.

वाडा सोडायच्या चार दिवस आधी आमचा संच बोलला. दिव्यातून, मग दिव्याविना. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट घेतात. आधी गुणगुण, मग खरखर, मग ७३८ किलोहर्ट्झवर हैदराबाद केंद्र, तेलुगूत, खणखणीत. त्याखेरीज मध्यमलहरींवर नुसती भणभण होती. दोष संचाचा नव्हता. घरातले एलईडी दिवे, चार्जर, शेजाऱ्याचा इन्व्हर्टर, ज्यांच्यामुळे मला कंडेन्सर मिळाले तीच सर्व यंत्रे, रेडिओच्या कानात ओरडत होती. आम्ही मेन स्विचवरून वाड्याचे बाकीचे सर्किट बंद केले, एका दिव्याच्या वायरीवर संच ठेवला, आणि अंधारात लघुलहरींवर काटा सरकवला. हिरवा डोळा मिटत मिटत आला आणि बीबीसीची हिंदी सेवा लागली. बाई लंडनहून की दिल्लीहून बोलत होत्या कोण जाणे. आत्याने बातम्या पूर्ण ऐकल्या. एका बातमीवर असहमतीही दर्शवली.

संच फ्लॅटवर गेला. आत्या रोज संध्याकाळी ती सेवा लावी. ३१ जानेवारी २०२० रोजी बीबीसीने लघुलहरींवरचे हिंदी प्रसारण बंद केले. रेडिओला भाग मिळाले आणि केंद्रच गेले. त्याला पर्यायी क्रमांक नव्हता. आत्याने काटा आणखी दोन-तीन दिवस तिथेच ठेवून पाहिला आणि मग हैदराबादवर आणून सोडला.

आता त्या दुसऱ्या संचाविषयी. फेब्रुवारी २०२०मध्ये मी पुन्हा युक्रेनला मागणी नोंदवली. मार्चमध्ये विमाने थांबली आणि पैसे परत आले. २०२२मध्ये युद्ध सुरू झाले. त्या वर्षी रशियातून व्हॉल्व्हांची निर्यातही काही काळ थांबली आणि जगभरचे गिटारवाले घाबरून साठे करू लागले. माझ्या ईएल ८४ची किंमत दुपटीवर गेली. तो मी घेऊन ठेवला. ईसीएच ८१ मिळाला तो परभणीहून. तिथल्या एका निवृत्त रेडिओ तंत्रज्ञांना आमच्या चुलतभावाने गाठले. त्यांनी दोन व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून, शेवयांच्या डब्यात घालून, एसटीने येणाऱ्या माणसाबरोबर पाठवले. पैसे घेतले नाहीत. डब्यातल्या शेवया मात्र आम्ही खाल्ल्या, म्हणजे एक उसने फिटता फिटता दुसरे चढले. वाळवी लागलेली बाजू सुताराने बदलली. सागवान जुने मिळाले, पण रंग जुळला नाही. तो तसाच ठेवला आहे.

उरला ट्रान्सफॉर्मर. तो विकत मिळत नाही. नव्याने गुंडाळावा लागतो. सिकंदराबादला राणीगंजच्या मागच्या बाजूला मोटारी गुंडाळणारा एक कारागीर आहे. जळलेल्या वेटोळ्याचे वेढे उलगडून मोजायची त्याची रीत, पण इथे केसासारखी तार वितळून एकजीव झाली होती, मोजणार काय? सुदैवाने स्पीकरकडचे जाड वेटोळे शाबूत होते. त्याचे वेढे मी स्वतः मोजले, नव्वद भरले. ईएल ८४ला समोर बावन्नशे ओहम हवे असतात, स्पीकर पाच ओहमचा. भागाकाराचे वर्गमूळ सुमारे बत्तीस. नव्वद गुणिले बत्तीस, म्हणजे अठ्ठावीसशे ऐंशी. मी चिठ्ठीवर २,८८० लिहून दिले.

दुसरी गोष्ट समजावायला वेळ लागला. पंख्याच्या किंवा स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडाच्या ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पट्ट्या आलटूनपालटून, घट्ट भरतात. इथे तसे चालत नाही. या वेटोळ्यातून सतत एकदिश प्रवाह वाहतो. लोखंड घट्ट मिळाले तर ते चुंबकत्वाने तुडुंब भरते आणि आवाज फाटतो. म्हणून सर्व ‘ई’ एका बाजूला, सर्व ‘आय’ दुसऱ्या बाजूला, आणि मधे एक कागद. कारागिराने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. ‘‘बीच में कागज रखे तो ताकत कम हो जाती साब.’’ मी म्हणालो, हौ, कमीच व्हायला हवी. तो मानेना. तेव्हा मी पिशवीतून जुना गाभा काढून त्याच्या पुढ्यात उघडला. पट्ट्यांच्या दोन थप्प्यांमध्ये तपकिरी पडलेला, कडा जळालेला कागद अजून जागेवर होता. त्याने तो चिमटीत धरून उजेडात पाहिला, जाडी अंगठ्याने चाचपली, आणि पोऱ्याला हाक मारून विड्याच्या पुडक्याचा कागद चालेल का, असे मला विचारले.

मी म्हणालो, दोन पदर घाला. पुढच्या गुरुवारी ये म्हणाला आहे.